जयराजची डोण

वडूज मागं पडलं आणि माळाला लागलं की परक्या माणसाला वाटतं, इथं काही नाहीच. कुसळी गवत, उघडा खडक, मधेच एखादं हिवराचं झाड आणि लांब डोंगराच्या कडेला फिरणाऱ्या पवनचक्क्या, बस्स. एसटीतनं जाणारी माणसं खिडकी लावून घेतात आणि झोपतात. झोपू देत बापडी. नानासोचा जन्म ह्या माळावर गेला, आणि इथं काही नाही असं म्हणायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. पहाटे चंडोल उभाच्या उभा आभाळात चढायचा आणि दिसेनासा झाला तरी त्याचं गाणं खाली सांडत राहायचं. पखुर्ड्यांचा थवा डोक्यावरनं कलकलत पाण्याकडं जायचा. पाऊस सरता सरता तरवड असा पिवळा फुलायचा की बघणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसायचं आणि माणूस दिसला तरी उठायचा आळस करायचं. हे सगळं बघायला डोळे लागतात, आणि ते नानासोला होते.

ते त्याच्याकडनं त्याच्या पोरात उतरले होते. जयराज लहानपणी शाळेत जातो म्हणून निघायचा आणि माळावर पालथा पडून पाखरांची अंडी बघत बसायचा. मास्तरांचा मार खाल्ला, आईच्या शिव्या खाल्ल्या, पण खोड गेली नाही. मोठा झाला, ह्या मुलखातल्या चार पोरांसारखा भरतीला उभा राहिला आणि पलटणीत गेला. नेमणूक झाली राजस्थानात, वाळूच्या मुलखात. संध्याकाळी मोबाईलवर त्याचा चेहरा यायचा, मागं नुसती वाळू, आणि हा पठ्ठ्या सांगायचा काय, तर हरणांच्या गोष्टी.

"आबा, हितं बी आपल्यावानीच चिंकारा हाय. पर हितली लोकं बघा की, स्वतःला प्याया पाणी न्हाई आन् जनावरासाठी कुंड भरून ठेवत्यात. ह्या बारीला सुट्टीला आलो का आपल्या माळावर एक डोण बांधू."

"बांधू की गड्या," नानासो म्हणायचा.

बांधायची राहिली. सुट्टी मंजूर झाली होती, त्याच्या आईनं, बनाबाईनं, लाडवाचं पीठ दळून ठेवलं होतं, यंदा पोरगी बघायची असं नवराबायकोचं ठरलं होतं, आणि वाळूतल्या रस्त्यावर गाडी उलटली. पोरगं तिरंग्यात गुंडाळून आलं. सगळा गाव लोटला, घोषणा झाल्या, फैरी झडल्या. त्या आवाजानं माळावरची पाखरं उठली ती किती तरी वेळ खाली बसली नाहीत. नानासो त्यांच्याकडंच बघत उभा होता. लोकांना वाटलं, बाप किती घट्ट आहे. घट्ट कसला! खाली बघायची छातीच होत नव्हती त्याची.

दहाव्याला येरळेच्या काठी पिंड ठेवला. वर बाभळीवर कावळे होते, नव्हते असं नाही. पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. आपल्याकडं रीतच आहे, मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ताडायचं आणि हात जोडून त्याला शब्द द्यायचा. शब्द पटला की कावळा शिवतो म्हणतात. चुलता पुढं झाला, "जया, तुझ्या आईबाला अंतर द्याचो न्हाई." कावळे ढिम्म. बहीण शिवांजली सासरहून आली होती. ती हुंदके देत म्हणाली, "दादा, म्या हाय रं. आईआबाकडं म्या बघीन." कावळे ढिम्म. भटजी घड्याळाकडं बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं की आता दर्भाचा कावळा करून शिवूया.

तेव्हा नानासो उठला. पिंडापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "जया, तुझी डोण बांधतो. दारातच बांधतो, नजरंम्होरं. आन् जित्ता हाय तवर ती आटू द्याचो न्हाई."

शब्द तोंडातनं पडायला आणि कावळा उतरायला एकच गाठ पडली. बनाबाईनं हंबरडा फोडला. नानासो मात्र पोरगं गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला.

आता खरं सांगायचं तर जयराज 'दारात' म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता लांब, खिंडीच्या अंगाला, वस्तीचा वास जाणार नाही अशा ठिकाणी. 'जनावर माणसाला सरावलं की त्याचं वाटोळं, आबा,' असंही म्हणाला होता. नानासोला ते आठवत नव्हतं असं नाही. पण बोअरचं पाणी दारापर्यंतच येत होतं, बनाबाईचे गुडघे धरलेले, आणि त्याहून खरं म्हणजे त्याला ती डोण डोळ्यांपुढं हवी होती. ओसरीवर बसून दिसायला हवी होती. बापाची हाव. पैशाअडक्याची हाव असती तर लोकांनी नावं तरी ठेवली असती. ह्या हावेला कोण काय म्हणणार?

डोण बांधली झकास. लांबट, उथळ, पिल्लू पडलं तर चढून यावं म्हणून आतनं उतार दिलेली. पहिल्यांदा टिटव्या आल्या. मग तितर आले, मग एका संध्याकाळी खोकड आलं आणि चारी बाजूंना बघत लपलप पाणी प्यालं. नवराबायको ओसरीवर श्वास रोखून बसलेली. आणि उन्हाळा तापला तेव्हा चिंकारा आली. एकटी मादी, तांबूस पिवळी, गवतातनं निघाली तेव्हा गवतच हललं असं वाटलं. दोन पावलं टाकायची, थांबायची, कान फिरवायची. त्या दिवशी पाण्यापर्यंत आलीच नाही. रोज थोडी थोडी जवळ येत गेली. नानासो खांबाला टेकून तासन् तास हलायचा नाही, अंगावर माशी बसली तरी हाकलायचा नाही. तिनं आपल्याला भिऊ नये एवढ्यासाठी त्यानं बिडी सोडली. बनाबाई उभा जन्म सांगून थकली होती, तिचं ऐकलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती इतकी सरावली की बनाबाई भांडी घासत असली तरी खुशाल पाणी प्यायची. बनाबाई तिच्याशी बोलायची. काय बोलायची? म्हैस व्याली, शिवांजलीचा धाकटा चालायला लागला, लिंबाला बार लय आलाय. जे ती संध्याकाळी मोबाईलवर जयराजला सांगायची तेच, आणि त्याच वेळेला. नानासो ऐकायचा आणि गोठ्यात निघून जायचा. वेडं म्हणायचं तर म्हणा. पण त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, ही काय थोडकी गोष्ट आहे?

दुसऱ्या वर्षी थंडी सरता सरता चिंकारा पिल्लू घेऊन आली. काडीसारखे पाय, कान अंगापेक्षा मोठे. आईच्या पोटाखालनं डोकं काढून डोणीकडं बघायचं आणि शिंकल्यासारखा आवाज करून मागं पळायचं. बनाबाई इतक्या दिवसांनी हसली. हसता हसता तिला ठसका लागला आणि पिल्लू घाबरून आईला बिलगलं.

पण पाणी काय एकट्या हरणाला दिसतं? ओढ्याच्या पलीकडं नवी पोल्ट्री झाली होती. मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीवाला ओढ्यात टाकायचा. त्यावर कुत्री पोसली. गावातली नव्हेत, कुणाच्या दारची नव्हेत, माणसाला न भिणारी माजलेली कुत्री. खाऊन झालं की पाण्याला डोणीवर यायला लागली. नानासो दोनदा त्या पोल्ट्रीवाल्याकडं जाऊन आला. "खड्डा घेतो की, नाना, उद्याच घेतो," तो म्हणाला. त्याचा उद्या काही उगवला नाही.

वनखात्याची पोरगी होती, संयोगिता, ह्या पट्ट्याची वनरक्षक. मोटारसायकलवर माळ पालथा घालायची. एक दिवस डोणीभोवतीचा चिखल बघत बसली आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, ही कुत्री नुसती पाण्याला येत नाहीत. त्या तरवडाआड बसतात. बघा, बसायच्या जागा झाल्यात. हरणी कधी येते ते त्यांना ठाऊक झालंय."

"म्या हाय की राखणीला."

"तुम्ही किती पुरणार? ही डोण रिकामी करा. खिंडीपलीकडं आमचा पाणवठा आहे, तिकडं कुत्री फिरकत नाहीत, लांडग्याला भितात. चार दिवस पाणी मिळालं नाही की ती आपोआप तिकडं जाईल. आत्ताच करा, आबा. पिल्लू अजून पळायला कच्चं आहे."

नानासोनं डोणीतलं एक पान काढून टाकलं. मग म्हणाला, "ताई, ह्यो शबुद म्या मेलेल्या पोराला दिलाय. जित्त्याला दिला असता तर पाय धरून माघारी घेतला असता. मेलेल्याचं पाय कुठं धरू?"

संयोगिता उठली. तिचंही वय जयराजच्याच आसपासचं. हेल्मेट चढवलं आणि गेली.

नानासो राखणीला बसायला लागला. सकाळ-संध्याकाळ हातात काठी घेऊन हिवराखाली. कुत्री आली की धावायचा, दगड मारायचा, शिव्यांचा पट्टा सोडायचा. कुत्री थोडी लांब जाऊन बसायची आणि जिभा काढून त्याच्याकडं बघायची. त्यांना कसली घाई? त्याला मात्र वाटायचं की आपण शब्दही पाळतोय आणि पिल्लूही राखतोय. दोन्ही हात भरलेले आहेत म्हणून तो मनातनं खूश होता. बनाबाई एकदा म्हणाली, "आवं, ती पोरगी सांगती त्यात तथ्य आसंल." तो असा काही खवळला की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

जयराजचं दुसरं वर्षश्राद्ध आलं. वाडीतल्या शाळेनं कार्यक्रम ठेवला, शहीद जवानाच्या आईवडिलांचा सत्कार. बनाबाईनं गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि घरी राहिली. तिला असले कार्यक्रम सोसायचे नाहीत. नानासो गेला. पोरांनी गाणी म्हटली, पुढाऱ्यानं भाषण लांबवलं. नानासोचं लक्ष सारखं खिडकीबाहेरच्या उन्हाकडं. ऊन कडक झालं, आता ती पाण्याला येईल. पण उठायचं कसं? फोटोला हार घालायचा होता. हार घातला, शाल अंगावर आली, नारळ हातात आला, आणि तो तसाच झपाझपा वाटेला लागला.

लांबूनच त्याला कळलं. टिटव्यांनी माळ डोक्यावर घेतला होता.

बनाबाई डोणीला पाठ लावून खाली बसली होती. केस सुटलेले, हातात मोडलेला खराटा, पायातनं रक्त. मांडीवर पिल्लू होतं. मान एका बाजूला कललेली, डोळे उघडे.

"लय आरडले," ती म्हणाली. "लय मारलं मेल्यास्नी. सोडलंच न्हाई वं त्येनी. आय तिकडं उभी ऱ्हाऊन वरडत हुती. म्या हितनं वरडत हुते. दोघी मिळून वरडलो, कुनीसुदिक आलं न्हाई."

नानासोच्या हातातला नारळ गडगडत गेला.

संयोगिता आली, कायद्याप्रमाणं पंचनामा केला. पिल्लू न्यावं लागणार होतं. तिच्या बरोबरचा माणूस गोणी घेऊन पुढं झाला तशी बनाबाई म्हणाली, "गोणीत नगं रं बाबा." नानासोनं अंगावरची शाल काढून दिली. संयोगितानं पिल्लू त्यात गुंडाळलं. जाताना ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली असती तर नानासोला जरा सोसलं असतं.

दुपारभर दोघं ओसरीवर बसली. चूल पेटली नाही. शेवटी बनाबाई म्हणाली, "मोडा ती डोण."

"बना, शबुद दिलाय म्या. कावळा शिवला हुता."

आणि जी बाई लग्न होऊन आल्यापासून नवऱ्यापुढं आवाज चढवून बोलली नव्हती ती उसळली. "कावळ्याला भूक लागली हुती! ऊन झालं, भूक लागली, उतरला खाली! त्याला काय कळतंय जया कोन आन् तुमी कोन? माझा जया असता तर त्यानं अशी डोण ठिवली असती व्हय? त्यानंच उठून मोडली असती आन् तुमास्नी चार गोष्टी सुनावल्या असत्या. दारात आलेलं लेकरू राखता आलं न्हाई आपल्याला. त्याची आय तरी राखा."

त्या कावळ्यावरच तर नानासो दोन वर्षं जगला होता. पोरानं आपलं ऐकलं, पोरगं समाधानानं गेलं, ह्या एका गोष्टीवर त्याच्या घशाखाली घास उतरत होता. ते बायकोनं एका वाक्यात काढून घेतलं. आणि रागवावं म्हटलं तर राग येईना, कारण ती खरं बोलत होती. पोरानं 'लांब' म्हटलेलं आपण दार केलं. शब्द पोराच्या नावानं दिला आणि सोय आपली बघितली.

त्यानं कोपऱ्यातली पहार घेतली. डोण पक्की बांधली होती, लवकर फुटेना. एकेक घाव घालताना तो तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. पोराची माफी मागत होता की शिव्या देत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तळ फुटला तसं पाणी गवतात गेलं आणि बघता बघता जमिनीनं पिऊन टाकलं. तो तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. तिरंगा उतरवला तेव्हा रडला नव्हता, आज रडला.

एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. पण जनावराची सवय ती. सकाळी फटफटलं आणि चिंकारा आली. एकटीच. फुटक्या डोणीपाशी येऊन उभी राहिली. कोरडं सिमेंट हुंगलं, चाटलं. मान वर करून ओसरीकडं बघितलं. दुधानं तिची कास तटतटली होती. ती थोडी फिरायची, थांबायची, पिल्लाला हाक मारल्यासारखा आवाज काढायची आणि पुन्हा तिथंच यायची. ऊन चढलं तरी हलेना. तरवडाच्या अंगाला दोन कुत्री येऊन बसलेली नानासोला दिसली. त्यानं ती हाकलली. दुसऱ्या दिवशीही तेच.

संयोगिताला फोन केला तर ती म्हणाली, "आबा, तिला वाटतंय तुम्ही आहात म्हणजे इथं धोका नाही. ती ओळखच मोडायला पाहिजे. तिला तुमचीच भीती बसली पाहिजे. खिंडीच्या बाजूनं पिटाळा. पाणवठ्यावर मी थांबते."

तिसऱ्या सकाळी नानासो दगड घेऊन अंगणात उभा राहिला. ती आली. नेहमीसारखी दोन पावलं टाकून थांबली, त्याला ओळखलं, शेपटी हलवली आणि पुढं आली. त्यानं हात वर केला. तो हात वर तसाच राहिला. तिनं भिऊ नये म्हणून ज्या माणसानं अंगावरची माशी हाकलली नव्हती, तो आता दगड कसा टाकणार? "न्हाई हुयाचं माझ्यानं," तो म्हणाला आणि दगड त्याच्या हातातनं गळून पडला.

मागनं बनाबाई लंगडत आली. पायाला पट्टी होती. तिनं वाकून डोणीचाच एक तुकडा उचलला आणि भिरकावला. तो हरणीच्या पायाशी पडला. हरणी उडी मारून बाजूला झाली आणि थांबून बघायला लागली. तिला काही कळेना. ह्या बाईनं कधी असं केलं नव्हतं.

"जा!" बनाबाई ओरडली. आपल्याकडं घरातनं निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. पोरगं पलटणीला निघालं तेव्हा वेशीपर्यंत ती 'ये रं बाबा, ये' एवढंच म्हणत गेली होती. "जा म्हनते न्हवं! हितं काय हाय तुझं? कोन न्हाई तुझं हितं! फिरून आलीस तर तंगडं मोडीन. जा!" दुसरा दगड, तिसरा दगड. तिच्या अंगात कुठनं बळ आलं होतं देव जाणे. डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं, पुढचं काही दिसत नव्हतं, तरी ती दगड उचलत होती आणि फेकत होती.

एक दगड हरणीच्या कुशीवर बसला. आवाज नानासोनं ऐकला. ती वेदनेनं आखडली, पाय झाडला आणि उधळली. खिंडीकडं, सरळ, गवत फाकवत. खिंडीच्या तोंडाशी जनावराच्या रीतीनं एकदा थांबली, मागं वळून बघितलं, आणि पलीकडं उतरली.

बनाबाई तिथंच बसली. पदरानं तोंड पुसलं, पण डोळे पुन्हा भरून आले. मळके हात मांडीवर ठेवून ती खिंडीकडं तोंड करून बसून राहिली.

"लागला का वं तिला?" तिनं विचारलं.

"न्हाई," नानासो म्हणाला.

"खरं सांगताय न्हवं?"

"तुझ्या गळ्याशपथ. एक बी लागला न्हाई."

"आन् गेली?"

"गेली."